उत्तर वर लिहावं की खाली? : पत्रोत्तराच्या एका जुन्या रीतीचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा आयोजकांचा मला दोनदा फोन आला. पहिल्यांदा त्यांना वाटलं, माझी लिहिण्यात काही चूक झाली आहे. दुसऱ्यांदा त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, "सर, ई-मेलमध्ये उत्तर कुठे टाइप करायचं यावर तासभर बोलणार? तेही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक?" मी म्हटलं, तासही कमी पडेल. कारण समोरच्या माणसाचं म्हणणं आपल्या उत्तरात किती घ्यायचं, कुठे ठेवायचं आणि आपलं बोलणं कुठून सुरू करायचं, हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. आपल्याकडे त्याचा किमान दीड-दोन हजार वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा इथून तासाभराच्या अंतरावर, पुण्यात, कपड्याच्या रुमालांत बांधून ठेवलेला आहे.

आधी माझ्या शेजारची एक हकीकत सांगतो. निवृत्तीनंतर मी मुळशी तालुक्यात राहायला आलो. आमच्या शेजारी एक शेतकरी कुटुंब आहे. वडील वारले, सातबाऱ्यावर मुलांची नावं लागायची होती. मी त्यांच्या वतीने एका कार्यालयाला मेल लिहिली. तीन प्रश्न होते. वारसनोंदीचा अर्ज मिळाला का? फेरफार नोंदवला गेला का? आणि नकला महिनाअखेर मिळतील का? चार दिवसांनी उत्तर आलं. सगळ्यात वर एकच शब्द: "होय." त्याखाली अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, पत्ता, दोन फोन नंबर, कागद वाचवा असा उपदेश, आणि त्याच्याही खाली आमची मूळ मेल, जशीच्या तशी.

आम्ही आनंदलो. तीन प्रश्नांना मिळून एक होय! प्रत्यक्षात ते "होय" फक्त पहिल्या प्रश्नाचं होतं. अर्ज मिळाला होता, एवढंच. फेरफार झालेला नव्हता. हे कळायला चार महिने गेले आणि तोवर पीककर्जाची वेळ निघून गेली. उत्तर देणारा माणूस खोटं बोलला नव्हता. त्याचा कर्सर आपोआप वर जाऊन बसला होता, तिथेच त्याने एक शब्द उमटवला आणि पाठवून दिला. तोच शब्द पहिल्या प्रश्नाखाली लिहिला असता तर घोटाळा झालाच नसता.

तेव्हा मी माझ्या संगणकातल्या मेलच्या सेटिंग उघडून बघितल्या. मी थंडरबर्ड वापरतो. त्यात पत्त्यांच्या आणि लेखनाच्या भागात विचारलेलं असतं: उत्तर देताना मूळ संदेश आपोआप उद्धृत करायचा का? करायचा असेल तर तुमचं उत्तर उद्धृताच्या वर सुरू करायचं, खाली सुरू करायचं, की उद्धृत मजकूर निवडून ठेवायचा? आणि तुमची सही उत्तराखाली ठेवायची की सगळ्या उद्धृताच्या खाली? मी त्या चौकटीकडे बघतच राहिलो. माझ्या मनात आलं, हे तर न्यायसूत्रातले प्रश्न आहेत.

आता जरा मागे जाऊ.

न्यायदर्शनात वादविवादाचे नियम फार बारकाईने बांधलेले आहेत. न्यायसूत्रांचा पाचवा अध्याय बघा. त्याच्या दुसऱ्या आह्निकात बावीस निग्रहस्थानं दिली आहेत. निग्रहस्थान म्हणजे वादात माणूस हरला असं जिथे ठरतं ती जागा. त्यातलं एक आहे 'अननुभाषण'. प्रतिवाद्याने आपलं म्हणणं तीन वेळा सांगितलं, सभेला ते समजलं, आणि तरीही तुम्ही ते पुन्हा उच्चारून दाखवत नाही, तर तुम्ही हरलात. तुमचा युक्तिवाद चांगला की वाईट हे तपासायचीसुद्धा गरज नाही. भाष्यकार वात्स्यायन कारण देतात ते अगदी व्यवहारातलं आहे: समोरच्याचा पक्ष उच्चारलाच नाही, तर तुमचं खंडन कशाच्या आधारावर उभं राहणार?

म्हणजे नुसतं "होय" म्हणणारा, न्यायाच्या सभेत, तिथल्या तिथे हरला असता.

पण गोष्ट इथे थांबत नाही. सातव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मकीर्ती 'वादन्याय' या ग्रंथात या नियमाची उलटतपासणी करतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: समोरच्याने जे जे बोललं ते सगळं आधी परत म्हणून दाखवायचं, मग खंडन करताना तो तो भाग पुन्हा म्हणायचा, ही विनाकारण दुहेरी मेहनत आहे. ज्या भागाला उत्तर द्यायचं तेवढाच भाग घ्या आणि लगेच त्याला उत्तर द्या. बाकीचं सोडा. आता विचार करा. आज एकेका मेलखाली मागच्या पंधरा मेलांचं शेपूट लोंबत असतं, ते धर्मकीर्तीला चाललं नसतं. आणि काहीही न घेता उत्तर देणं नैयायिकांना चाललं नसतं. थंडरबर्डमध्ये एक छोटी सोय आहे, पुष्कळांना ती ठाऊक नसते. उत्तराचं बटण दाबण्याआधी मूळ मेलमधला हवा तेवढाच मजकूर निवडला, तर तेवढाच उद्धृत होतो. मी तिला मनातल्या मनात धर्मकीर्तीची सोय म्हणतो.

न्यायसूत्रांत याच विषयाची दुसरी बाजूही आहे. तिचं नाव छल. समोरच्याचे शब्द घ्यायचे, पण त्यांना त्याने न दिलेला अर्थ चिकटवून खोडून काढायचे. 'नव' म्हणजे नवीन आणि 'नव' म्हणजे नऊ. एकजण म्हणाला, या मुलाकडे नव कांबळं आहे. दुसरा म्हणाला, कुठे आहेत नऊ कांबळी, एकच तर दिसतंय! हे उदाहरण परंपरेनेच दिलेलं आहे. उद्धृताची काटछाट करताना हाच धोका असतो. काटायचं जरूर, पण समोरच्याने वाचलं तर "हो, हेच म्हणालो होतो मी" असं त्याला म्हणता आलं पाहिजे.

समोरच्याचं म्हणणं आधी, आपलं नंतर, ही शिस्त आपल्या भाष्यांत इतकी मुरली आहे की पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष हे शब्दच तिथून आले. पूर्व म्हणजे आधीचा, उत्तर म्हणजे नंतरचा. 'उत्तर' या शब्दाच्या पोटातच 'नंतर' आहे, हे लक्षात घ्या. आपण जबाबाला उत्तर म्हणतो तेव्हा ते कशानंतर तरी येतं असं गृहीतच धरतो.

या शिस्तीतून काय वाचलं त्याची दोन उदाहरणं देतो. एक, चार्वाकांचं. बृहस्पतीची म्हणून सांगितली जाणारी लोकायताची मूळ सूत्रं आज स्वतंत्र ग्रंथ म्हणून आपल्या हातात नाहीत. आपण जे ओळखतो ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांनी पूर्वपक्ष म्हणून लिहून ठेवलं ते. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रह' लिहिला तेव्हा पहिलं प्रकरण चार्वाकांना दिलं. पुण्यात वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी त्याची संपादित आवृत्ती काढली, ती भांडारकर संस्थेने १९२४ साली प्रसिद्ध केली. ज्यांना खोडून काढायचं त्यांचंच म्हणणं खोडणाऱ्यांनी जपून ठेवलं. ते किती प्रामाणिकपणे जपलं, यावर अजून वाद आहेत, आणि ते असायलाच हवेत. कारण ज्याचे शब्द गेले त्याला आता तक्रार करता येत नाही.

दुसरं उदाहरण कात्यायनाचं. पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनाने वार्तिकं लिहिली. ती आपल्याला मिळतात कुठे? पतंजलीच्या महाभाष्यात. पतंजली वार्तिक घेतो, त्याचा अर्थ उलगडतो, शंका काढतो, उत्तर देतो. पण हस्तलिखितांत अवतरणचिन्हं नव्हती. त्यामुळे कुठलं वाक्य कात्यायनाचं आणि कुठलं पतंजलीचं, हे सांगणं कठीण झालं होतं. हा गुंता सोडवण्याचं मोठं काम पुण्यात झालं. फ्रान्त्स कीलहॉर्न नावाचे जर्मन पंडित १८६६ ते १८८१ या काळात डेक्कन कॉलेजात होते. त्यांनी १८७६ साली कात्यायन आणि पतंजली यांच्यावर एक छोटा प्रबंध लिहिला, आणि पुढे १८८० ते १८८५ या काळात महाभाष्याची तीन खंडांची आवृत्ती काढली. त्यांची एक महत्त्वाची खूण अशी: एखादं आटोपशीर वाक्य येतं आणि लगेच तेच वाक्य थोडं मोकळं करून पुन्हा येतं, तर पहिलं कात्यायनाचं असण्याची शक्यता मोठी. कारण उत्तर देण्याआधी पतंजली समोरच्याचं म्हणणं उलगडून सांगतो. सवयीनेच माणूस ओळखला गेला!

मी याला नुसती पंडितांची गंमत मानत नाही. "हे वाक्य कोणाचं?" हा प्रश्न पुढे मलाही फार महागात पडला. ते शेवटी सांगतो.

आता मराठीकडे येऊ.

मोडी लिपीतलं जुनं पत्र ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल. लेखक आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतो आणि तिच्याखाली अक्षरं टांगत जातो. शब्द तोडलेले नसतात. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, अवतरणचिन्ह तर नाहीच. विरामचिन्हं मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर कँडी यांना दिलं जातं, म्हणजे ती एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. मग त्याआधी आलेल्या पत्राला उत्तर देताना, आलेलं कुठे संपलं आणि आपलं कुठे सुरू झालं, हे कसं दाखवायचे?

शब्दांनी दाखवायचे. पत्राला सुरुवातीला मायना असायचा: कोणी, कोणाला, कोणत्या नात्याने. मग येथील कुशल, तिथी. मग 'विशेष' हा शब्द. म्हणजे औपचारिक भाग संपला, आता काम. आणि मग काम सुरू व्हायचं ते आलेल्या पत्राने: आपण पत्र पाठविले ते पावले. त्यात अमुक मजकूर. तो मजकूर थोडक्यात, बहुधा त्याच्याच शब्दांत यायचा, आणि त्याच्या शेवटी 'म्हणोन लिहिले' असं यायचं. तिथे आलेलं संपलं. पुढे 'त्यास' किंवा 'ऐशियास' हा शब्द आला की आपलं उत्तर सुरू. मग पुढचा मुद्दा: अमुक अमुक म्हणोन लिहिले, त्यास असे असे. आणखी एक मुद्दा, पुन्हा 'म्हणोन', पुन्हा 'त्यास'.

'म्हणोन' हे बंद होणारं अवतरणचिन्ह आणि 'त्यास' हा कर्सर. थंडरबर्डमधल्या 'खाली सुरू करा' या पर्यायाचं हे अठराव्या शतकातलं रूप. आपल्या भाषेला ते सोपंही जातं. मराठी माणूस आधी बोललेलं सांगतो आणि मग "असं तो म्हणाला" जोडतो. संस्कृतातलं 'इति' हेच काम करतं.

या रीती आपोआप आल्या नव्हत्या, त्या शिकवल्या जात. कोणाला कोणता मायना, आशीर्वाद कधी आणि विज्ञापना कधी, याची 'मेस्तकं' होती. परंपरा त्यांचं नातं यादवांच्या हेमाडपंताशी जोडते. शिवाजी महाराजांच्या काळी 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला, त्याच्या दहा वर्गांत एक 'लेखनवर्ग' आहे. लिहिणं हा राज्याचा एक विभाग होता, किल्ल्यांसारखा आणि शस्त्रांसारखा.

आणि आणखी दोन गोष्टी. पत्र पोचलं की ज्याला पोचलं तो त्यावर 'पैवस्ती' घालायचा, म्हणजे कोणत्या दिवशी आलं त्याची नोंद. आज मेलच्या माथ्यावर कधी पोचली ते यंत्र लिहितं, तसं. आणि पत्राच्या शेवटी मोर्तब. मुख्य शिक्का वर असला तरी मजकूर जिथे संपतो तिथे छोटी मुद्रा उमटवायची. तिच्यावर 'मर्यादेयं विराजते' किंवा 'लेखनसीमा' अशी अक्षरं असत. तिचा अर्थच असा की लिहिण्याची मर्यादा इथे झाली. याच्या खाली कोणी काही जोडलं तर ते आमचं नव्हे. ई-मेलच्या जुन्या संकेतात सहीच्या आधी दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा, एवढ्याचीच एक ओळ घालतात. ती ओळ दिसली की यंत्राला कळतं, मजकूर संपला. आणि पुष्कळ प्रोग्रॅम उत्तर देताना तिच्याखालचं गाळून टाकतात. ती आजची लेखनसीमा. आमच्या 'होय'वाल्या मेलमध्ये सही मध्ये आणि आमचे प्रश्न तिच्या खाली, म्हणजे सीमेच्या पलीकडे गेले होते.

हे सगळं पत्रांचं झालं. जिथे अनेक मुद्दे असत तिथे पेशव्यांच्या दफ्तरात याहून नेमकी पद्धत होती. मागण्यांची याद करायची, तिच्यात कलमं पाडायची. मग प्रत्येक कलमाला तिथल्या तिथे निर्णय. त्या शेऱ्याला 'मखलाशी' म्हणत. आज मखलाशी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? कोणीतरी गोडगोड बोलून, शब्द फिरवून वेळ मारून नेली, ते. मूळ अर्थ अगदी वेगळा होता. कलमाला कलम भिडवून दिलेला स्पष्ट निर्णय. या शब्दाचं असं का झालं असेल यावर मी पुष्कळ विचार केला आहे. निर्णय देणारे शब्द फिरवू लागले की निर्णयाचं नावही बदनाम होत असावं, एवढाच माझा तर्क. तो तर्क म्हणूनच घ्या.

तुम्हाला हे कागद बघायचे असतील तर दूर जायला नको. पुण्याचं पेशवे दफ्तर आहे. गोविंद सखाराम सरदेसाईंनी त्यातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भागांत छापून घेतले. राजवाड्यांचे साधनांचे खंड आहेत, पहिला १८९८ सालचा. इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं. कुठलाही खंड उघडा. 'म्हणोन' आणि 'त्यास' मोजायला लागा, थकून जाल.

मग इंग्रजी कचेरी आली आणि तिसरी रीत आली. विषय : अमुक. संदर्भ : आपला अर्ज, दिनांक अमुक. आणि खाली, "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की". इथे समोरच्याचं म्हणणं अजिबात घ्यायचं नाही, फक्त त्याचा क्रमांक घ्यायचा. कचेरीत नस्ती असते, तिथे क्रमांकावरून मूळ कागद सापडतो. कारकुनाच्या दृष्टीने ही उत्तम सोय. पण अर्जदाराकडे नस्ती नसते. त्याने अर्जाची स्थळप्रत ठेवली नसेल तर त्याला काय विचारलं होतं हेच आठवत नाही. ज्याच्याकडे दफ्तर, त्याच्याकडे आठवण.

सगळंच सरकारी लिखाण मात्र असं नाही. आपल्या विधिमंडळाची छापील प्रश्नोत्तरं पाहा. सभासदाचा प्रश्न कलमवार असतो: (१) अमुक झाले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास त्याची कारणे काय. आणि खाली मंत्र्यांचं उत्तर, त्याच क्रमांकांनी: (१) होय, हे खरे आहे. (२) प्रश्न उद्भवत नाही. या "प्रश्न उद्भवत नाही"ची आपण पुष्कळ थट्टा करतो. पण निदान कोणता प्रश्न उद्भवला नाही, एवढं तरी कळतं! प्रश्न वर छापलेला असतो, म्हणून उत्तराची पळवाट सगळ्यांना दिसते.

आता मी ज्या तालुक्यात उभा राहून बोलतो आहे, तिथली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीचं धरण होत होतं, वीज मुंबईला जायची होती. पन्नासच्या आसपास गावांची जमीन जाणार होती. त्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांची नावं त्याच्याशी कायमची जोडली गेली. "जान किंवा जमीन" ही घोषणा तुम्हाला माहीत आहे. तो सगळा इतिहास आज सांगत नाही. मला फक्त एक कागद दाखवायचा आहे, तो म्हणजे १८९४ चा भूसंपादन कायदा.

त्या कायद्यात शेतकऱ्याला नोटीस मिळायची. तिला उत्तरही देता यायचं. कशाबद्दल? तुमचा हितसंबंध काय, मोजणी बरोबर आहे का, मोबदला किती हवा. म्हणजे उत्तराला जागा होती, पण किमतीच्या प्रश्नाखाली. "जमीन घ्यावी का?" या प्रश्नाखाली हरकत लिहायला कायद्याने जागाच ठेवलेली नव्हती. हरकती ऐकून घेण्याचं कलम, पाच-अ, त्या कायद्यात १९२३ च्या दुरुस्तीने आलं. तोवर इथला लढा दोन वर्षं चालू होता. त्या दुरुस्तीचं श्रेय मुळशीला द्यावं, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. मी एवढंच दाखवतो आहे की कागदावर आपलं उत्तर कुठे लिहायचं हे कागद आखणारा ठरवतो. आणि आपल्या खऱ्या उत्तराला त्यावर जागाच नसेल, तर माणसं ते उत्तर बांधाच्या कामावर आडवी पडून देतात.

आता ई-मेल. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरच्या माणसाला संदेश पाठवला आणि पत्त्यात ॲटचं चिन्ह आणलं. उद्धृतासाठी पुढे कोनी चिन्ह रूढ झालं. मूळ संदेशाच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक चिन्ह. त्या उत्तराला पुन्हा उत्तर आलं की जुन्या ओळींपुढे दोन चिन्हं, मग तीन. चिन्हं मोजली की कोण किती पिढ्या मागचं बोलतो आहे ते कळतं. कीलहॉर्नसाहेबांना हे चिन्ह मिळालं असतं तर त्यांचं आयुष्यातलं पुष्कळ काम वाचलं असतं.

त्या काळी लाइनी मंद होत्या, जागा महाग होती. बातम्यांची देवघेव करणारे काही प्रोग्रॅम तर, उद्धृत मजकूर नव्या मजकुरापेक्षा जास्त असला, की संदेश स्वीकारायचेच नाहीत. ऑक्टोबर १९९५ मध्ये सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेला शिष्टाचाराचा मसुदा, आरएफसी १८५५, प्रसिद्ध झाला. त्यातही सांगितलं आहे की उत्तर देताना मूळ संदेशाचा सारांश वर द्या किंवा संदर्भ कळेल एवढाच मजकूर घ्या. 'पत्र पाठविले ते पावले, त्यात अमुक म्हणोन लिहिले' याहून हे वेगळं काय आहे? योगायोग बघा, त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने आपल्याकडे सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं.

म्हणजे इंटरनेट आपल्याकडे आलं तेव्हा जुनी रीत जिवंत होती. पण पुढे आपल्यापैकी बहुतेकांनी मेल शिकली ती ऑफिसातल्या आउटलुकवर आणि मग जीमेलवर. तिथे कर्सर वर असतो. मागचा सगळा मजकूर खाली, आणि जीमेलमध्ये तो तीन टिंबांच्या आड लपवलेला. याचा फायदाही आहे, तो नाकारू नये. कचेरीत एखादा माणूस चर्चेत मधेच आला तर त्याला खाली सगळा इतिहास मिळतो. ज्याला रोज दोनशे मेल येतात त्याला नवं काय ते वरच दिसतं. दोन माणसांत एकाच मुद्द्यावर झटपट बोलणं चाललं असेल, तर वर लिहिण्यात काहीच बिघडत नाही. बिघडतं ते मुद्दे अनेक असतात तेव्हा. आणि मागचं लपलेलं असतं, म्हणून ते नाहीच असं आपण समजतो तेव्हा.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका तरुण अभ्यासकाचा लेख माझ्याकडे आला. मी तो एका जुन्या सहकाऱ्याला दाखवला. त्यांनी मोकळेपणाने लिहिलं. एक वाक्य फार कडवट होतं, त्या मुलाच्या कुवतीबद्दलचं. मला ते पटलं नव्हतं, तसं मी त्यांना लिहिलंही. तीन-चार मेल झाल्या. मग मी त्याच साखळीतून मुलाला उत्तर लिहिलं: लेख चांगला आहे, दुसरा भाग वाढवा, चिकाटी सोडू नका. कर्सर वर होता. खाली काय आहे ते टिंबांच्या आड होतं. मी बघितलं नाही.

चार महिने त्याचं उत्तर नाही. मग एक दिवस तो घरी आला, हातात त्या मेलचा छापील कागद. छापताना टिंबांच्या आडचं सगळं बाहेर आलं होतं, आणि एकातून दुसरीकडे जाताना खुणाही विस्कटल्या होत्या, कोणाची ओळ कोणती ते कळत नव्हतं. त्याने मला विचारलं, "सर, वरचं तुमचं आहे ते कळलं. खालचंही तुमचंच का?"

मी त्याला समजावलं. सहकाऱ्यांचं नाव न सांगता समजावणं सोपं नव्हतं. त्याने ऐकून घेतलं. पण लेखाचा दुसरा भाग त्याने वाढवला नाही. आयुष्यभर मी मुलांना पूर्वपक्ष आणि सिद्धांत वेगळे करायला शिकवलं. आणि माझ्याच पत्रात दुसऱ्याचा पूर्वपक्ष माझा सिद्धांत म्हणून त्या मुलाच्या हातात पडला. यंत्राला दोष देऊन सुटता येत नाही. मोडी पत्र लिहिणारा कारकून मोर्तब होण्याआधी पत्र वाचून दाखवायचा. मी वाचलं नव्हतं.

त्या दिवशी मी सेटिंग बदलल्या. पर्याय तिसरा ठेवला: उद्धृत मजकूर निवडून ठेवा. उत्तर उघडलं की मागचा सगळा मजकूर निळा होऊन समोर येतो. एक कळ दाबली की सगळा जातो. ठेवायचा तर ठरवून ठेवावा लागतो. सही उत्तराखाली ठेवली आहे आणि तिच्या खाली काहीही राहू देत नाही. वेगळ्या माणसाला लिहायचं असेल तर जुन्या साखळीतून लिहीत नाही, नवी मेल उघडतो. आणि एकापेक्षा जास्त प्रश्न असले की प्रत्येक प्रश्नाखाली त्याचं उत्तर. शेजाऱ्यांच्या वारसनोंदीसाठी पुन्हा लिहिलं तेव्हा मी प्रश्नांना क्रमांक घातले आणि प्रत्येकाखाली 'उत्तर :' असं लिहून जागा मोकळी सोडली. या वेळी तिन्ही जागा भरून आल्या. नावं लागली.

शेजारच्या घरातली नात बारावीत आहे. तिला यातलं काही सांगावं लागलं नाही. ती व्हॉट्सॲपवर संदेश बोटाने बाजूला सरकवते, मूळ वाक्य वर छोट्या चौकटीत येतं, आणि त्याखाली ती उत्तर लिहिते. मूळ संदेश उद्धृत करून उत्तर देण्याची सोय तिथे २०१६ साली आली. 'म्हणोन लिहिले, त्यास' आता अंगठ्याने होतं.

माझी वेळ संपली. आता तुमचे प्रश्न घेऊ. पण एक विनंती: मला ऐकायला थोडं कमी येतं, म्हणून उत्तर देण्याआधी मी तुमचा प्रश्न परत म्हणून दाखवीन. चुकीचा म्हटला तर तिथेच थांबवा. हां, मागच्या रांगेतल्या ताई, बोला.